सोमवारचा दमा, शुक्रवारची सुट्टी आणि सहा हजार कोटींची लायब्ररी

मी भिवंडीतून बोलतेय, त्यामुळे मागे लूमची खटखट ऐकू आली तर समजून घ्या. आमच्याकडे शांतता फक्त दोनदा असते: लाइट गेल्यावर आणि शुक्रवारी.

हा शुक्रवार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९८१ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय जर्नलमध्ये एक शोधनिबंध आला. जर्नलचं नाव ‘अमेरिकन रिव्ह्यू ऑफ रेस्पिरेटरी डिसीज’. लिहिणारे मुंबईचे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांचे सहकारी. कामत परळच्या केईएम हॉस्पिटलचे, म्हणजे गिरणगावाच्या अगदी पोटात बसलेले डॉक्टर. भारतातल्या कापड गिरणी कामगारांचा पाच वर्षं पाठपुरावा करून त्यांनी एक प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला होता. कापसाच्या धुळीने होणारा बायसिनोसिस आणि फुप्फुसाचा नेहमीचा जुनाट आजार, ज्याला डॉक्टर लोक सीओपीडी म्हणतात, हे दोन वेगळे ओळखायचे कसे?

पुढच्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ ला, मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. गिरण्या बंद पडत गेल्या आणि कापड विणायचं काम यंत्रमागांकडे, मोठ्या प्रमाणावर आमच्या भिवंडीकडे आलं. संपाच्या आधीही ते येत होतंच, संपाने त्याला पूर आला. काम आलं, माणसं आली, धूळ आली. तो शोधनिबंध मात्र आला नाही. कसा येणार? तो यायला एक लायब्ररी लागते, तिथे ते जर्नल लागतं, आणि ‘हे जर्नल आपल्याला हवंय’ असं म्हणणारं कुणीतरी लागतं.

आजचा भाग या शेवटच्या ‘कुणीतरी’बद्दल आहे. महागडी वैद्यकीय माहिती विकत घ्यायची तर ती कोणती, हे ठरवतं कोण? आणि जो ती वाचणार आहे, त्याला कुणी विचारतं का?

विषय कोरडा वाटतोय ना? म्हणून आधी शुक्रवारची गोष्ट.

बायसिनोसिसची एक खूण पाठ्यपुस्तकात ठळक दिलेली असते. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर आलं की पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, मग आठवडाभरात त्रास कमी होत जातो. निदान सुरुवातीच्या टप्प्यात तरी असंच असतं. इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरण्यांना रविवारी सुट्टी, म्हणून हा ‘सोमवारचा’ आजार. डॉक्टर पेशंटला विचारतात, सोमवारी जास्त त्रास होतो का? आता भिवंडीत अनेक कारखान्यांना सुट्टी असते शुक्रवारी. इथल्या कामगाराला सोमवारबद्दल विचारलं तर तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. विचारायला हवं शनिवारबद्दल.

आणखी एक भानगड आहे. बायसिनोसिस मुख्यतः कापूस पिंजायच्या खात्यात, जिथे कच्च्या कापसाची धूळ उडते, तिथे जास्त दिसतो. भिवंडीच्या कारखान्यात तयार सूत येतं, आणि त्यातही पॉलिस्टर भरपूर. मग कामतांचा निष्कर्ष इथे लागू पडतो का? थोडा? अजिबात नाही? हा खरा प्रश्न आहे, आणि तो पडू शकतो इथल्या गल्लीतल्या डॉक्टरला, इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयातल्या नर्सला, किंवा ज्याची छाती भरून येते त्याला. दिल्लीत बसलेल्या खरेदी समितीला तो पडायचं काही कारण नाही. ते वाईट लोक आहेत असं मी म्हणत नाहीये. त्यांचा शुक्रवार वेगळा आहे, एवढंच.

आता इतिहासाकडे येऊ, कारण या बाबतीत आपल्या मराठी मुलखाचा इतिहास भलताच रंगतदार आहे.

रत्नागिरीत १८२८ साली ग्रंथालय सुरू झालं. नाशिकचं १८४० चं. पुण्याची नेटिव जनरल लायब्ररी १८४८ ची. खाडीपलीकडचं आपलं शेजारी कल्याण, तिथलं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. आमचं भिवंडीचं वाचन मंदिर त्याच परंपरेतलं. यातल्या काही ठिकाणी सुरुवातीला इंग्रज अधिकारी होते, पैसे मात्र पुढे गावकऱ्यांच्या वर्गणीतून उभे राहिले. आणि वर्गणी आली की हक्क आला. सभासदांची वार्षिक सभा, त्यांनी निवडलेलं कार्यकारी मंडळ, पुस्तकं निवडणारी समिती. टेबलावर एक वही: हवं असलेलं पुस्तक इथे लिहा.

हे सगळं आदर्श होतं असं समजू नका. वर्गणी परवडणारे लोक कोण होते? शहरातले, शिकलेले, बहुतेक पुरुष, आणि जातीने वरचे. ज्याला मत होतं त्याचंच वाचन कपाटात गेलं. पण तत्त्व बघा: वाचणारा आणि ठरवणारा एकाच खोलीत बसत होता. आजही नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची, ‘सावाना’ची, निवडणूक लागली की पॅनल पडतात, प्रचार होतो, पेपरात बातम्या येतात. लोक हसतात त्याला. मला ते फार भारी वाटतं. कपाटात कोणतं पुस्तक असावं यावरून माणसं भांडतायत, अजून काय हवं?

१९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला. सरकारी अनुदान आलं, अ, ब, क, ड असे वर्ग आले, शासनमान्य पुस्तकांच्या याद्या आल्या. तरी गावोगावची ग्रंथालयं संस्थांच्याच हातात राहिली, सभासदांनी निवडलेल्या मंडळांच्या.

वैद्यकीय ग्रंथालयांची गाडी वेगळ्या रुळावर गेली. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं, परळचं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम १९२६ चं. इथली लायब्ररी कॉलेजची, पैसे सरकारचे, महापालिकेचे किंवा ट्रस्टचे. वाचणारे विद्यार्थी आणि डॉक्टर; ठरवणारे विभागप्रमुख, अधिष्ठाता, लेखापाल. पुढे तर नियमच आला की मान्यता हवी असेल तर लायब्ररीत अमुक इतकी पुस्तकं आणि अमुक इतकी जर्नल्स असायला हवीत. आकडा एकदा नियमात गेला की खरेदी आकड्यासाठी होते. तपासणीला येणारा माणूस कपाटं मोजतो. ती उघडली जातात का, ते तो मोजत नाही.

आणि जर्नल ही वस्तूच विचित्र आहे. कादंबरी महाग वाटली तर दुसरी घेता येते. पण ज्या जर्नलमध्ये तुमच्या पेशंटच्या आजारावरचा निबंध आहे, त्याला पर्याय नसतो. लिहिणाऱ्या डॉक्टरला मानधन नाही, तपासणाऱ्याला बहुधा नाही, आणि वाचणाऱ्याला किंमतच दिसत नाही कारण बिल लायब्ररी भरते. ज्याला गरज आहे त्याला किंमत माहीत नाही आणि ज्याला किंमत माहीत आहे त्याला गरज माहीत नाही. अशा बाजारात भाव कुणीकडे जाणार? जुलै १९९१ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं तेव्हा परदेशी जर्नलचं बिल भारतीय लायब्रऱ्यांसाठी एका झटक्यात फुगलं. मग इंटरनेट आलं आणि प्रकाशकांनी पॅकेजं आणली. केबलवाला कसं करायचा, तुम्हाला बघायचं असतं एक चॅनल आणि घ्यावी लागतात सत्तर, तसंच.

आता माझं सगळ्यात आवडतं वर्ष: १९९७.

त्या वर्षी २६ जूनला अमेरिकेत पबमेड सर्वांसाठी मोफत जाहीर झालं. जगभरच्या वैद्यकीय निबंधांची सूची, आधी शोधायला पैसे पडायचे, आता कुणीही शोधावं. लक्षात घ्या, सूची मोफत, प्रत्येक निबंध नाही. म्हणजे हॉटेलचं मेनूकार्ड फुकट मिळालं.

त्याच वर्षी मुंबईत डॉ. डी. के. साहू या बालरोगतज्ज्ञांनी मेडनो नावाची प्रकाशन संस्था काढली. केईएमच्या डॉक्टरांचं स्वतःचं एक जर्नल होतं, ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’, १९५५ पासूनचं. जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएमच्या स्टाफ सोसायटीचं, म्हणजे वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या मंडळींचंच. साहूंनी ते इंटरनेटवर टाकलं: वाचकाला फुकट, आणि लेखकाकडूनही फी नाही. छापील अंकाची वर्गणी सुरूच. जगात मुक्त प्रवेशाच्या मोठमोठ्या घोषणा व्हायच्या आधी आपल्या परळमध्ये हा प्रयोग चालला होता. मग एकामागोमाग एक भारतीय वैद्यकीय संघटना आपली जर्नल्स घेऊन मेडनोकडे आल्या.

गोष्टीला पुढे कलाटणी आहे. २०११ मध्ये मेडनो विकली गेली. घेणारी कंपनी वॉल्टर्स क्लूवर, नेदरलँड्सची. जगभरचे डॉक्टर ज्यावर विसंबतात ते ‘अपटुडेट’ नावाचं महागडं साधनही तिचंच, २००८ पासून. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण साहूंना दोष देणं सोपं आहे. एवढी वर्षं आपल्या सरकारांनी, विद्यापीठांनी त्या प्रयोगाकडे बघून ‘हे आपण चालवू’ असं का म्हटलं नाही, हा प्रश्न मला जास्त टोचतो.

आणि १९९७ ची तिसरी घटना. डॉ. अनिरुद्ध मालपाणी यांनी मुंबईच्या फोर्टमध्ये पेशंटसाठी मोफत लायब्ररी काढली, ‘हेल्प’, म्हणजे हेल्थ एज्युकेशन लायब्ररी फॉर पीपल. पेशंट हासुद्धा वैद्यकीय माहितीचा वाचक आहे, हे इथे पहिल्यांदा फळी ठोकून मान्य केलं गेलं. आपल्याकडे पेशंटने रिपोर्टबद्दल दोन प्रश्न विचारले की काही डॉक्टर म्हणतात, ‘गुगल बघून आलात का?’ तर हो, बघूनच येतात लोक. दुसरं काय ठेवलंय त्यांच्यासाठी?

२००२ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने प्रकाशकांना सोबत घेऊन ‘हिनारी’ नावाची योजना सुरू केली. गरीब देशांना वैद्यकीय जर्नल्स फुकट किंवा नाममात्र दरात. भारत त्यात नव्हता. दरडोई उत्पन्न बघाल तर आपण बसत होतो, पण भारतात प्रकाशकांचे पैसे देणारे ग्राहक होते, म्हणून वगळलं. एम्सच्या लायब्ररीला परवडतं म्हणून भिवंडीच्या दवाखान्याला दार बंद! २०११ मध्ये तर बांगलादेशातून काही प्रकाशकांनी ही सवलत अचानक काढून घेतली. बाहेर बोंब झाली तेव्हा परत दिली. इथेही वाचकाला आधी कुणी विचारलं नव्हतं. त्याला आरडाओरडा तेवढा करता आला.

भारताने मग स्वतः खरेदी सुरू केली. २००७ मध्ये आयसीएमआरने कोक्रेन लायब्ररीची राष्ट्रीय वर्गणी भरली. कोणत्या उपचाराला किती पुरावा आहे, हे तपासून सांगणारा हा संग्रह. तो देशातल्या कुणालाही खुला झाला, कॉलेजचं ओळखपत्र न मागता. माझ्या मते आतापर्यंतची सगळ्यात शहाणी खरेदी हीच, कारण तिने ‘तुम्ही कोण?’ असं विचारलंच नाही. २००८ मध्ये दिल्लीच्या नॅशनल मेडिकल लायब्ररीने सरकारी वैद्यकीय संस्थांसाठी एकत्रित खरेदीचा ‘एर्मेड’ संघ उभा केला. तो ठरावीक संस्थांपुरता.

आणि मग आला मोठा आकडा. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केलं. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स, ६,३०० हून जास्त सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्था, जवळपास १.८ कोटी विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधक. १ जानेवारी २०२५ पासून सुरू. गणित केलं तर माणशी वर्षाला साधारण १,१०० रुपये पडतात. लाभ मिळणाऱ्यांसाठी हे मोठं काम आहे यात शंका नाही. नंदुरबारच्या सरकारी कॉलेजातल्या मुलीला आणि मुंबईच्या आयआयटीतल्या मुलाला एकच कपाट उघडं, हे आधी कधी नव्हतं.

पण यादी बघा. त्यात खाजगी दवाखाना चालवणारा डॉक्टर नाही. खाजगी कॉलेजात नर्सिंग शिकणारी मुलगी पहिल्या टप्प्यात नाही. उपजिल्हा रुग्णालय ही शिक्षणसंस्था नाही. आणि पेशंट तर नाहीच. भिवंडीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सात लाखांच्या वर होती. यातल्या आजारी माणसांवर पहिला उपचार बहुतेक वेळा गल्लीतल्या दवाखान्यात होतो. तिथला डॉक्टर या सहा हजार कोटींच्या बाहेर उभा आहे.

योजनेचा वापर किती होतोय याचा आढावा अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन वेळोवेळी घेणार आहे. चांगली गोष्ट. पण वापर मोजायचा म्हणजे कोणी किती डाउनलोड केलं ते मोजायचं. जो दाराबाहेर आहे त्याचं डाउनलोड शून्य. पुढच्या खरेदीच्या वेळी तो शून्य कसा वाचला जाईल? ‘तिथे मागणी नाही’ असाच.

मग बाहेरचे वाचक काय करत होते? सगळ्यांना माहीत आहे, कुणी मोठ्याने बोलत नाही: साय-हब. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान हिने २०११ मध्ये काढलेली साइट, लाखो निबंध फुकट, कायद्याच्या बाहेर. डिसेंबर २०२० मध्ये एल्सव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तेव्हा काही भारतीय शास्त्रज्ञ आणि संस्था मध्ये पडल्या आणि म्हणाल्या, आमचंही ऐका, ही साइट बंद झाली तर आमचं काम अडेल. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने साइट बंद करायचा आदेश दिला. साय-हब बरोबर की चूक यावर तुम्ही कमेंटमध्ये भांडालच. मला वेगळंच दिसतं. महागड्या माहितीबद्दल भारतीय वाचकाने औपचारिकपणे तोंड उघडलं ते खरेदीच्या बैठकीत नाही, कोर्टात. आणि तेही दुसऱ्याच्या खटल्यात मधे पडून.

वाचकाला विचारून खरेदी करता येते का? येते. कॅनडाच्या माँट्रियल विद्यापीठाने केली. पॅकेजांचे दर डोक्यावरून गेले तेव्हा त्यांनी डाउनलोडचे आणि संदर्भांचे आकडे काढलेच, शिवाय प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना सरळ विचारलं: तुमच्या कामासाठी अत्यावश्यक जर्नल्स कोणती, नावं द्या. सुमारे पन्नास हजार जर्नल्समधून अत्यावश्यक निघाली सहा हजारांहूनही कमी. मग विद्यापीठ प्रकाशकासमोर बसलं ते हातात यादी घेऊन, आणि काही पॅकेजं मोडली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ च्या फेब्रुवारीत एल्सव्हिअरशी करार तोडला, प्राध्यापक पाठीशी होते म्हणून तोडू शकलं. दोन वर्षांनी, २०२१ च्या मार्चमध्ये, नवा करार झाला. मधली दोन वर्षं त्रास झालाच. पण तो सोसायचं ज्यांनी ठरवलं, तेच तो सोसत होते.

आता कुणी म्हणेल, सामान्य माणसाला जर्नलमधलं काय कळतं? इथे मी दोन गोष्टी वेगळ्या करते. कोणता निबंध चांगला, हे ठरवायला तज्ज्ञ लागतो, मान्य. पण कोणता प्रश्न अडलाय, हे सांगायला तज्ज्ञ नाही लागत. भिवंडीत ते सांगणारे उर्दू बोलतात, तेलुगू बोलतात, हिंदी, मराठी बोलतात. टीबीची औषधं संपवूनही खोकला जात नाही, कानात दिवसभर शिट्टी वाजते, सुट्टीनंतर शनिवारी छाती भरते. या वाक्यांची यादी केली तर तीच खरेदीची पहिली यादी होईल. जुन्या वाचनालयातल्या टेबलावरच्या वहीत दुसरं काय असायचं?

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’च्या मूळ आराखड्यात तीन टप्पे सांगितले होते. दुसऱ्यात खाजगी संस्था, आणि तिसऱ्यात सार्वजनिक ग्रंथालयांमधून सर्व नागरिकांना प्रवेश. हा तिसरा टप्पा कागदावरून खाली उतरला, तर ती जर्नल्स पुन्हा अशा इमारतींमध्ये येतील जिथे सभासद मंडळ निवडतात आणि वार्षिक सभेत उभं राहून प्रश्न विचारतात. रत्नागिरी, नाशिक, कल्याण, भिवंडी. सध्याचा करार २०२७ अखेर संपतो, म्हणजे पुढच्या खरेदीची बोलणी त्याआधी होणार. तुमच्या गावच्या वाचनालयाचे तुम्ही सभासद नसाल तर वर्गणी किती आहे ते आज विचारून या, बहुतेक तुमच्या महिन्याच्या रिचार्जपेक्षा कमी निघेल. आणि वार्षिक सभेची नोटीस लागली की या विषयाचं एक पत्र द्या. ग्रंथालय संचालनालयाकडे शंभर वाचनालयांचे ठराव गेले, तर ते फाइलला तरी लागतील.

कामतांच्या निबंधाची नोंद पबमेडवर आहे, १९८१ घालून शोधा. भिवंडीत कुणी डॉक्टर ऐकत असतील आणि शनिवारच्या पेशंटबद्दल त्यांचा काही अनुभव असेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा, पेशंटचं नाव न घेता. पुढचा भाग १८ जानेवारी १९८२ वर. भेटू.